जवळ जोखीम आहे

आपल्या विषयाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असे काम गळ्यात पडण्याची मराठीच्या प्राध्यापकाला सवय असते. निरोपाचे मानपत्र, स्नेहसंमेलनातल्या नाटकाची तालीम, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांच्या भाषणातले ऱ्हस्वदीर्घ, ही सारी कामे 'मॅडम, हे तुमचंच' असे म्हणून माझ्या टेबलावर येऊन पडतात आणि मीही ती फारशी कुरकुर न करता करीत आले आहे. पण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जे काम आले त्याने मी खरोखरच गांगरले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील मुलांकडून एका खेड्यातल्या घरांची पाहणी करून घ्यायची होती. भूकंप झालाच तर कोणते घर कितपत टिकाव धरील, कोठे किती माणसे अडकतील, त्यांना बाहेर काढायला वाट कोणती, हे सगळे एका छापील तक्त्यात भरायचे होते. योजना त्या वर्षी माझ्याकडे होती, म्हणून भूकंपही माझ्याकडे आला.

शिबिरासाठी गाव निवडायचे, ते मी माझे माहेरच निवडले. तिथले सरपंच मला 'ताई' म्हणतात, शाळेच्या दोन खोल्या मुलांना सहज मिळणार होत्या, आणि आठ दिवस आईच्या हातचे जेवण मिळेल हा सुप्त हेतूही होताच. माझे माहेर किल्लारीपासून पंचवीसेक किलोमीटरांवर आहे, हे कारण मात्र त्या वेळी मी स्वतःलासुद्धा सांगितले नव्हते.

तक्ता कसा भरायचा हे शिकवायला एक तरुण अभियंता आला होता. मोठा उत्साही मुलगा. त्याने फळ्यावर तीन शब्द लिहिले : हॅझर्ड, व्हल्नरेबिलिटी, रिस्क. मग खडू हातात तसाच धरून माझ्याकडे वळला.

"मॅडम, हे मुलांना मराठीत सांगा ना. परिपत्रकात काहीतरी दिलंय, पण ते वाचून माझाच गोंधळ होतो."

पहिला शब्द फारसा अवघड गेला नाही. अमुक ठिकाणी, अमुक वर्षांत, अमुक जोराने जमीन हादरण्याची शक्यता किती, याला ते लोक हॅझर्ड म्हणतात. ती काही आपल्या हातची नव्हे. तिला 'धोका' म्हणून आम्ही मोकळे झालो. दुसऱ्या शब्दापाशी मुले अडखळली. असुरक्षितता, दुर्बलता, नाजूकपणा असे एकेक शब्द येऊ लागले. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील गवंडी आहेत, म्हणाला, "कच्चेपणा म्हणा की, मॅडम." अभियंत्याला तो शब्द इतका आवडला की त्याने तो तिथल्या तिथे वहीत टिपून घेतला. धोका बाहेरून येतो, कच्चेपणा आपल्या घरचा असतो. तिसऱ्या शब्दाला 'जोखीम' हा प्रतिशब्द मीच सांगितला, आणि सांगता सांगता थबकले.

माझ्या आजीकडे पितळेचा एक डबा होता. त्यात तिची ठुशी, पाटल्या, आणि चार चांदीचे रुपये असत. तुळजापूरला निघाली की हा डबा लुगड्याच्या घडीत, घडी पिशवीत आणि पिशवी मांडीवर अशी ती एसटीत बसे. आजोबा पेंगायला लागले की त्यांना कोपराने ढोसून म्हणे, "अहो, झोपू नका. जवळ जोखीम आहे." लहानपणी मला वाटे, जोखीम हे त्या डब्याचेच नाव आहे. आणि तसे ते होतेही. आपल्या जुन्या बोलण्यात जोखीम म्हणजे जशी भीती, तशीच ती मौल्यवान वस्तूही. रिकाम्या डब्याला कोणी जोखीम म्हणत नाही. चोर तेच, एसटी तीच, पेंगणारे आजोबाही तेच. पण डबा रिकामा असेल तर खुशाल झोपावे. जोखीम आणि जोखणे यांचे नाते काय, या व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही. पण आजी सारा प्रवासभर काहीतरी जोखीत असे एवढे मला आठवते.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा अभियंता खूश झाला. म्हणाला, "मॅडम, हाच तर गुणाकार आहे!" त्याच्या शास्त्रात धोका, कच्चेपणा आणि त्या जागी असलेली माणसे व मालमत्ता यांचा गुणाकार म्हणजे जोखीम. तिघांपैकी एक शून्य झाले की सगळेच शून्य. ओसाड माळावर केवढाही मोठा भूकंप होवो, जोखीम काही नाही. उलट धोका अगदी थोडा, पण भिंती कच्च्या आणि त्यांच्याखाली गाव झोपलेले, तर काय होते ते आमच्या भागाला सांगायला कुणा अभियंत्याची गरज नव्हती.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मी तेव्हा बारा वर्षांची होते. गणपती विसर्जन करून मंडळी मध्यरात्रीनंतर परतली आणि आम्ही मुले केसांतला गुलाल न धुताच झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले त्यातले मला आधी आवाज आठवतो. जमिनीखालून कोणीतरी दगडांनी भरलेली गाडी ओढीत नेत आहे असा तो आवाज होता. मग मांडणीवरची भांडी एकदम कोसळली. वडिलांनी मला दंडाला धरून अंगणात फेकले म्हटले तरी चालेल. धूळ इतकी की कंदील पेटवूनही उजेड पडेना. आजी आत राहिली होती. तिची खाट मागच्या बोळाकडच्या भिंतीला लागून असे.

उजाडल्यावर पाहिले तर ज्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागे ती उजेडाने भरून गेली होती. बोळाकडची भिंत नव्हती. ती बाहेर, बोळात पडली होती. आजी खाटेवर बसलेली, गोधडी मातीने पांढरी झालेली, आणि ती समोरच्या उघड्या आभाळाकडे बघत विचारत होती, "भिंत कुठं गेली?" बोळाच्या पलीकडे समोरासमोर तशीच भिंत होती. ती आत पडली. तिच्या आत माझ्या वर्गातली एक मुलगी झोपली होती. तिचे नाव मी इथे लिहीत नाही.

पुढे किल्लारीकडच्या बातम्या आल्या, पाऊस आला, लष्कराच्या गाड्या आल्या. मेलेल्यांचा आकडा ८ ते १० हजारांच्या घरात सांगतात. ५२ गावे दुसरीकडे नव्याने वसवावी लागली. तेरणेच्या काठावरची ती गावे रुंद रस्त्यांची, आखीव चौकटींची झाली, आणि ज्याची जेवढी जमीन त्या हिशेबाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. त्या आखीवपणात माणसांना शेजार सापडेना, अशी तक्रार पुष्कळ दिवस ऐकू येई. पण तो विषय वेगळा.

मला चटका लावणारी गोष्ट निराळीच आहे. किल्लारीच्या आसपास आदल्या वर्षी, १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपले. मग धक्के थांबले, थंडी पडली आणि लोक आत गेले. त्यांना दोष कसा द्यायचा? शास्त्रज्ञांच्या नकाशावरही आमचा भाग सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार म्हणजे जुना, घट्ट, न हलणारा खडक, असे आम्ही शाळेत शिकलो. नकाशा सुधारला तो २००२ साली. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. कोयनेचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे गेली, आणि त्यानंतर तो भाग चौथ्या विभागात चढला. आमच्या खात्यात सेवाज्येष्ठतेने बढती मिळते. नकाशावर ती अशी मिळते.

आणखी एक गोष्ट अभियंत्याने सांगितली ती मला त्या रात्री झोप येऊ देईना. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटेच, ४ वाजून ३१ मिनिटांनी. किल्लारीची तीव्रता ६.२च्या आसपास, तिथली ६.७. दिसायला अर्ध्या आकड्याचा फरक. पण या मोजणीत अर्धा आकडा वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा पाचसहा पट होते. तिथेही माणसे अंथरुणातच होती, आणि वस्ती तर आपल्यापेक्षा किती दाट! मेले ते सुमारे साठ. किल्लारीचा भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हता, नॉर्थरिजचा त्याहून खोल, हा फरक आहेच. पण साठ आणि आठ हजार यांच्यामधली दरी काही एवढ्याने भरून निघत नाही. तिथली माणसे लाकडी सांगाड्याच्या हलक्या घरांत झोपली होती. आमची दगडाखाली.

पाहणी सुरू झाली. मुलांना पहिल्या दिवशी फार गंमत वाटली. प्रत्येक घरासमोर उभे राहायचे, डोळ्यांनी पाहायचे, आणि गुण द्यायचे. घराखाली काय आहे, काळी माती, मुरूम की कातळ? भिंत कशाची? भिंतीला पोट आले आहे काय? कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग आहे काय? छत जड की हलके? जन्मभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला हे काम परके वाटायला नको होते. फक्त एक गोष्ट उलटी होती. दगडमातीच्या घरांचा वर्ग 'अ' धरतात, आणि 'अ' म्हणजे सर्वांत वाईट. आमची मुले एकेका वाड्याला 'अ' देऊन बाहेर पडत आणि घरमालक अभिमानाने शेजाऱ्याकडे बघत. एकदोघांना मी खुलासा केला. मग केला नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीची पाळी आली. मुले पुढे गेली होती. आमच्या घराचा तक्ता मीच भरायला घेतला. ज्या भिंतीला पाठ टेकून मी बाराखडी गिरवली तिला परीक्षकाच्या नजरेने पाहायचे म्हणजे अवघडच. ही आमची अडीच हात जाडीची भिंत गावात नावाजलेली. आजोबा सांगत, रझाकारांच्या दिवसांत अर्धी गल्ली रात्री आमच्याकडे मुक्कामाला असे. बाहेर चाळिशीच्या वर पारा गेला तरी आत माठाशेजारी बसल्यासारखे वाटते. म्हणजे आमच्या पूर्वजांनी जोखीम जोखलीच नव्हती असे नाही. ऊन दर वर्षी येते, दरोडेखोर दहा वर्षांत एकदा येतात, त्यांचा त्यांनी चोख बंदोबस्त केला. जे शंभर पिढ्यांत कोणी पाहिले नाही त्याचा हिशेब त्यांनी कोठून करावा?

पण ही अडीच हातांची भिंत खरे म्हणजे एक भिंत नसतेच. घडीव दगडांची एक पातळ भिंत बाहेरून, एक आतून, आणि मधल्या जागेत दगडांचे तुकडे, माती, खापऱ्या, जे हाती लागेल ते. दोघींना धरून ठेवणारा आरपार दगड कोणी घातलेला नसतो, कारण एवढा लांब दगड घडवायला मजुरी पडते. एकाच घरात पाठीला पाठ लावून राहणाऱ्या दोन जावांसारखा त्यांचा संसार. वर्षानुवर्षे बाहेरच्यांना वाटते, काय एकोपा आहे! पहिला धक्का बसला की एक बाहेर जाते, एक आत येते. आमची बाहेरची आणि आतली दोन्ही त्या रात्री बोळाकडे गेल्या. समोरच्यांची उलटी आली. यात कोणाचे पुण्य नव्हते आणि कोणाचे पाप नव्हते.

त्यावर माळवद. खांब, तुळया, फळ्या, आणि फळ्यांवर माती. पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून दर वर्षी नवी माती टाकायची, जुनी काढायची मात्र नाही. घराचे वय वाढते तसे त्याच्या डोक्यावरचे ओझेही वाढत जाते. गंमत अशी की किल्लारीकडे कितीतरी ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. ज्यांना आपण 'खण' म्हणून मोजतो, पाचखणी घर, सातखणी घर, ते खण भूकंपातून वाचू शकत होते. भिंतीनेच घात केला.

तक्त्यात पुढे एक रकाना होता : 'घरातील माणसे. दिवसा, रात्री.' भूकंपाला घड्याळ नसते, पण जोखमीला असते, असे अभियंता म्हणाला होता. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. त्या वेळी अंजारमध्ये शाळेच्या मुलांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर आली. म्हणून दिवसाची माणसे वेगळी मोजायची, रात्रीची वेगळी. मी लिहिले : दिवसा, शून्य ते चार. आईकडे बायका निवडणटिपण करायला येऊन बसतात, पण त्या अंगणात. रात्री, एक.

तो 'एक' लिहिताना माझा हात जड झाला. शेरा लिहायला खाली जागा होती. मी काय शेरा लिहिणार?

आणि त्याच घराच्या आवारात, अंगणाच्या कोपऱ्यात, दुसरे एक घर होते. त्याचा वेगळा तक्ता भरायचा होता. भूकंपानंतर दुरुस्तीसाठी जे अनुदान मिळाले ते मूळ घर बळकट करण्यासाठी होते. पण गावोगाव लोकांनी त्यातून एक नवी पक्की खोलीच बांधून घेतली, आणि पडलेली भिंत त्याच दगडांनी, त्याच मातीत पुन्हा रचली. आमच्या वडिलांनीही तेच केले. आमची ही सिमेंटची खोली फार चांगली बांधलेली आहे. विटांची भिंत, खिडक्यांच्या डोक्यावरून चारी बाजूंनी फिरणारा लोखंड-काँक्रीटचा पट्टा, वर हलका पत्रा. अभियंत्याने तिला भरपूर गुण दिले असते. 'वापर' या रकान्यापुढे मी लिहिले : सोयाबीनची पोती, फवारणीचा पंप, गॅसची जादा टाकी. 'रात्रीची माणसे' : शून्य. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्यात गारठते, तेव्हा माणसे जुन्या घरात झोपतात. भूकंप होऊ दे, आमच्या सोयाबीनच्या केसालाही धक्का लागणार नाही.

"काय लिहायलीस एवढं?" आईने विचारले. ती उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. तिला आता त्र्याहत्तरावे चालू आहे.

मी तिला समजेल असे सांगायला गेले. म्हटले, "आई, अभियंते एक हिशेब धरतात. पन्नास वर्षांत ज्याची येण्याची शक्यता शंभरात दहा आहे, असा धक्का. घर तेवढ्याला टिकावं."

तिने सूप हलवणे थांबवले नाही. "म्हणजे रुपयात दहा पैसे."

"हो."

"मग नव्वद पैसे माझ्याच बाजूला हैत की. अन् पन्नास वर्षं मी कुठली बसायलीय?"

एवढा बिनतोड युक्तिवाद मी एमएच्या तोंडी परीक्षेतही ऐकला नव्हता. मी गप्प झाले. तिचे गणित चुकलेले नव्हते. एका माणसाच्या उरल्या आयुष्यापुरते ते बरोबरच आहे. उन्हाळा दर वर्षी येणार आणि भूकंप बहुधा येणार नाही, मग गारव्यात का झोपू नये? पण आई पन्नास वर्षे राहिली नाही तरी भिंत राहील आणि तिच्याखाली कोणीतरी झोपेल. आणि गावातल्या प्रत्येक घरी कोणीतरी हेच नव्वद पैसे मोजत असते. ते सगळे दहा पैसे एकाच पहाटे वसूल होतात. हे मला सुचले ते रात्री, शाळेच्या खोलीत मुलींबरोबर पडल्यावर. तेव्हा सांगायला आई जवळ नव्हती. ती तिकडे, त्या भिंतीजवळ झोपली होती.

तक्त्याचे शेवटचे पान मला सर्वांत उपयोगाचे वाटले, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते असे दिसले. बोळ किती रुंद? दोन्ही बाजूंच्या भिंती किती उंच? आमचा बोळ आठ हात आणि भिंती चौदा-चौदा हात. म्हणजे त्या पडल्या की बोळ दगडांनी तुडुंब. १९९३ साली समोरच्या घरापर्यंत पोहोचायला आमच्या माणसांना तोच ढीग हातांनी उपसावा लागला होता. मोकळी जागा कोठे? शाळेचे पटांगण. त्याच्या फाटकाची किल्ली कोणाकडे? शिपायाकडे. शिपाई राहतो कोठे? तो रोज मोटारसायकलवर दुसऱ्या गावाहून येतो. मुले पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी एक किल्ली आपल्याकडे मागून घेतली. आठ दिवसांच्या शिबिरात गावाचा जो काही ठोस फायदा झाला तो एवढा. एकटे राहणारे वृद्ध कोण, रात्री ऐकू कोणाला येत नाही, जेसीबी कोणाचा आणि तो रात्री कोठे उभा असतो, हेही मुलांनी टिपले. जेसीबी ज्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो तिचे तोंड एका वाड्याच्या भिंतीखालून निघते. ते मुलांनी लाल शाईने लिहिले.

धाकट्या भावाला मी पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पाडून टाकू. सरळ स्लॅबचं घर बांधू." तो अकराव्या मजल्यावर राहतो. दिवाळीत त्याच्याकडे गेले तेव्हा मी नव्याने मिळालेल्या नजरेने त्याची इमारत पाहिली. खाली गाड्यांसाठी सगळे मोकळे, भिंत नाही, नुसते खांब, आणि वर दहा मजल्यांच्या भिंतींचे वजन. भूजपासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेत २००१ साली अशाच मोकळ्या पायांच्या इमारती बसल्या होत्या. खांबांत लोखंड कसे, किती आणि कसे बांधले आहे यावर सगळे अवलंबून. ते बाहेरून दिसत नाही. मी त्याला विचारले. त्याने बिल्डरला विचारले नव्हते. टाइल्स मात्र कुठल्या हे त्याला नेमके ठाऊक होते. जुने ते कच्चे आणि सिमेंटचे ते पक्के, हा आपला समज सोपा आहे म्हणून टिकला आहे.

घर पाडायला आई तयार नव्हतीच. शेवटी तडजोड झाली ती त्या गवंड्याच्या मुलामुळे. त्याचे वडील भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामावर होते; जुनी भिंत न पाडता ती शिवायची कशी हे त्यांनी तेव्हा शिकले होते आणि नंतर तीस वर्षांत त्यांना ते काम फारसे कोणी सांगितले नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत ते आले. आधी माळवदावरची जास्तीची माती काढली, ती ट्रॉलीमागून ट्रॉली निघतच राहिली. मग खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत लाकडाचे तिरपे आधार ठोकले. आणि मग भिंत. ठरावीक अंतरावर आतून एक दगड हळूच काढायचा, मधली माती उकरत बाहेरच्या दगडापर्यंत जायचे, तोही काढायचा, त्या आरपार भोकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. भोक दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद. ते वाळले की दोन्ही भिंतींना धरणारा दगड तयार. दोन जावांमध्ये एकदाचे बोलणे सुरू झाले म्हणायचे.

पहिले भोक पडले तेव्हा आई पाहायला आली. आतल्या मातीत कसलाच जोर नव्हता. ती नुसत्या बोटांनी निघत होती. एक फुटक्या जात्याची पाळ निघाली, थोड्या खापऱ्या निघाल्या. आईने बाही मागे सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, आत हात घालून, जसे एखाद्या जनावराचे वासरू आडवे आले आहे का पाहतात तसे. मग हात बाहेर काढून लुगड्याला पुसत गवंड्याला म्हणाली, "चहा घेणार का अजून?"

काम पुरे झाले नाही. पाऊस लवकर आला, आणि दोन बाजू राहिल्या. बोळाकडची झाली, ती सर्वांत महत्त्वाची होती. सिमेंटच्या खोलीत झोपण्याचा प्रयोगही आईने करून पाहिला. चार रात्री. मग म्हणाली, सोयाबीनचा वास येतो आणि डोळ्याला डोळा लागत नाही. पोती विकायची तर भाव नाही. तेव्हा तक्त्यातला 'एक' जिथे होता तिथेच आहे.

परवा मी फोनवर सहज विचारावे तसे विचारले, "आई, खाट कुठं आहे हल्ली?"

"दाराकडं ओढलीय. डोकं खांबाकडं करते," ती म्हणाली. मला जरा बरे वाटले. तेवढ्यात तिला काही आठवले.

"अन् तुझ्या आजीचा तो डबा ग, तो मी सिमेंटच्या खोलीत नेऊन ठेवलाय. पोत्यांच्या मागं. ह्या भिंतींचा काय भरवसा नाही बाई. जवळ जोखीम नको. आता निवांत झोप लागते."